वायरमन, निदेशक, लेखक: वीजतंत्री ट्रेडमधली चौथी वाट

आयटीआयचा वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) ट्रेड पास झालेल्या मुलाला पुढे काय करणार असं विचारलं की ठरलेली तीन उत्तरं येतात. महावितरणमध्ये विद्युत सहाय्यक, एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत मेंटेनन्स, नाहीतर स्वतःची वायरिंगची कामं. चौथी वाट अशी की काही वर्षं हातानं काम करायचं, मग तेच आयटीआयमध्ये शिकवायचं आणि शिकवता शिकवता त्यावर पुस्तक लिहायचं. ट्रेडची मराठी पुस्तकं चाळली तर लेखकाच्या नावाखाली ‘शिल्प निदेशक’ (आयटीआयमध्ये ट्रेड शिकवणारा) किंवा ‘निवृत्त गट निदेशक’ असं दिसतं, म्हणजे लोक या वाटेनं गेलेले आहेत. ती चालायची कशी, हे मात्र ज्यानं त्यानं विचारत विचारतच शोधायचं अशी परिस्थिती आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. ट्रेडच्या चांगल्या पुस्तकाचा माल साईटवर आणि वर्कशॉपमध्ये गोळा होतो. त्या त्या वेळी तो टिपला नाही तर पुढे आठवून लिहिता येत नाही, आणि मग लेखक इतरांच्या पुस्तकांतून उचलू लागतो. म्हणून खाली नोकरीसाठी काय करायचं ते आहेच, पण प्रत्येक टप्प्यावर पुस्तकासाठी काय राखून ठेवायचं तेही आहे.

साईटवरची वर्षं

शिकवायला जायची घाई करू नका. दोन वर्षांचा ट्रेड झाला, एनटीसी (राष्ट्रीय ट्रेड प्रमाणपत्र) हातात आलं, की ॲप्रेंटिसशिप कायदा १९६१ खालची एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी करून एनएसी, म्हणजे त्या उमेदवारीचं राष्ट्रीय प्रमाणपत्र, घ्या. त्यानंतरची वर्षं एकाच प्रकारच्या कामात घालवू नका. वीजतंत्रीच्या अभ्यासक्रमात घरगुती वायरिंगपासून डीसी मशीन, ट्रान्सफॉर्मर, थ्री फेज मोटर, वाइंडिंग, कंट्रोल पॅनेल, अंडरग्राउंड केबल, सोलरपर्यंत सगळं येतं. दहा वर्षं फक्त कन्सील वायरिंग केलेला माणूस वर्गात ट्रान्सफॉर्मरच्या धड्याला पोचला की पुस्तक वाचून दाखवायला लागतो, आणि मुलांना ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं. त्यामुळे दोन वर्षं बिल्डिंगची कामं केली असतील तर पुढची दोन कारखान्यात काढा. जमलं तर मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात काही महिने बसा, पगार कमी मिळाला तरी.

या काळात एक वही ठेवा. रोजनिशी लिहायची गरज नाही, फक्त फॉल्ट लिहायचे. प्रत्येक नोंदीला चार रकाने: तक्रार काय होती, पहिला अंदाज काय केला, काय मोजलं आणि खरं कारण काय निघालं. उदाहरणार्थ, ‘सोसायटीत एका मजल्यावर दिवे मंद, वरच्या मजल्यावर टीव्ही जळला. आधी वाटलं सप्लाय खालीवर होतोय. मोजलं तर एका फेजवर न्यूट्रलशी १४० व्होल्ट, दुसऱ्यावर ३००. मेन पॅनेलमधला न्यूट्रलचा लग ढिला होऊन जळाला होता.’ चार ओळींची ही नोंद पुढे थ्री फेजमधल्या न्यूट्रलचं काम शिकवताना तासभर पुरते. दुसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच लोक गाळतात. आपला पहिला अंदाज का चुकला हे लिहून ठेवलं असेल तर शिकणारा कुठे चुकणार हे आधी कळतं.

फोटो काढत जा, पण मालकाची किंवा कंपनीची परवानगी घेऊन. शेजारी स्केल किंवा पेन ठेवून काढलेला जळक्या टर्मिनलचा फोटो पुस्तकात उपयोगी पडतो. लांबून काढलेला अख्ख्या पॅनेलचा फोटो कशालाच उपयोगी पडत नाही.

कागद जमवणं

हा भाग कंटाळवाणा आहे आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. डीजीटीच्या, म्हणजे केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाच्या, वीजतंत्री अभ्यासक्रमात निदेशकाची पात्रता स्पष्ट लिहिलेली आहे. इलेक्ट्रिकलची पदवी आणि एक वर्षाचा अनुभव, किंवा डिप्लोमा आणि दोन वर्षं, किंवा वीजतंत्री ट्रेडचं एनटीसी अथवा एनएसी आणि तीन वर्षं. त्याखाली आणखी एक ओळ आहे, ती जपून वाचा: दोन निदेशकांच्या युनिटमध्ये (तुकडीत) एक पदवी किंवा डिप्लोमावाला हवा आणि दुसरा एनटीसी किंवा एनएसीवाला. म्हणजे इंजिनिअर कितीही अर्ज करोत, आयटीआय केलेल्या माणसाची जागा नियमातच राखलेली आहे. दोघांकडेही एनसीआयसी, म्हणजे निदेशक प्रशिक्षणाचं राष्ट्रीय प्रमाणपत्र, लागतं. त्याकडे पुढे येतो.

अनुभव सिद्ध करायचा म्हणजे कागद दाखवायचा. कंत्राटदाराकडे सहा वर्षं राबलेल्या माणसाकडे बऱ्याचदा एक चिटोरंही नसतं, पगार रोखीत आणि हजेरी कंत्राटदाराच्या डायरीत. म्हणून काम सोडतानाच लेटरहेडवर अनुभवपत्र घ्या. त्यावर कधीपासून कधीपर्यंत, कोणतं पद, कामाचं स्वरूप आणि कंत्राटदाराचा विद्युत परवाना क्रमांक असू द्या. पीएफ किंवा ईएसआयसी कापला जात असेल तर त्याचे उतारे काढून ठेवा, छाननीत त्यांना वजन असतं. शिकाऊ उमेदवारीचं वर्ष अनुभवात धरतात की नाही हे त्या त्या जाहिरातीत बघावं लागतं, स्वतः गृहीत धरू नका.

वीजकामाचे परवाने देणाऱ्या राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा तारतंत्री (वायरमन) परवाना आणि पुढे पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्रही काढून ठेवा. निदेशक होण्यासाठी ते सक्तीचं नाही. पण परवाना जिवंत असलेला माणूस बाहेरच्या कामाशी आणि बदलत्या नियमांशी जोडलेला राहतो, आणि पुस्तकाच्या मलपृष्ठावर लेखकाच्या ओळखीत तो लिहिला की वाचणाऱ्या वायरमनचा भरवसा वाढतो.

डिप्लोमाचं काय? आयटीआय झालेल्याला पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. वय आणि घरची परिस्थिती परवानगी देत असेल तर तो करावा असं माझं मत आहे. शिल्प निदेशक म्हणून लागण्यासाठी तो लागतोच असं नाही, पण गट निदेशक आणि प्राचार्य या पुढच्या पायऱ्यांवर शिक्षणाची अट पुढे येते. शिवाय डिप्लोमात गणित पक्कं होतं, आणि पुस्तक लिहिताना त्याचा उपयोग होतो.

सीआयटीएस: शिकवायचं शिकणं

शिल्प निदेशक प्रशिक्षण योजना, बोलण्यात सीआयटीएस, हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. प्रवेशासाठी अखिल भारतीय सामायिक परीक्षा घेतली जाते, तिचं नाव एआयसीईटी. केंद्र सरकारच्या एनएसटीआय (राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण) संस्थांमध्ये तो चालतो. मुंबईची संस्था सायनजवळ चुनाभट्टीला आहे, जुने लोक तिला अजून ‘एटीआय’च म्हणतात. आधीच एखाद्या आयटीआयमध्ये शिकवणाऱ्यांसाठी आरपीएलचा मार्गही ठेवलेला आहे. त्यात पूर्वानुभव मोजून परीक्षा देता येते आणि वर्षभर नोकरी सोडावी लागत नाही.

अभ्यासक्रमात ट्रेडचा भाग असतोच, पण ज्यासाठी तिथे जायचं तो विषय ट्रेनिंग मेथडॉलॉजी. साईटवरून आलेल्यांना सुरुवातीला तो पोकळ वाटतो. पाठ टाचण कसं लिहायचं, फळा कसा वापरायचा, प्रश्न कसा विचारायचा, यात काय शिकायचंय, असं वाटतं. मग पहिला सराव पाठ होतो. वीस वर्षं वायरिंग केलेला माणूस फळ्याकडे तोंड करून पंधरा मिनिटांत सगळं सांगून मोकळा होतो आणि उरलेल्या अर्ध्या तासाचं काय करायचं ते त्याला कळत नाही. हाताला जे सहज येतं ते तोंडानं सांगणं अवघड जातं, कारण मधल्या पायऱ्या डोक्यातून कधीच पुसल्या गेलेल्या असतात.

तिथे शिकवली जाणारी चार पायऱ्यांची पद्धत (तयारी, सादरीकरण, करून घेणं, तपासणं) दिसायला साधी आहे. तिचं खरं मोल तिसऱ्या पायरीत आहे. निदेशकानं करून दाखवायचं, मग मुलानं करायचं आणि करताना प्रत्येक कृती का करतोय ते बोलायचं. बोलता आलं नाही तर समजलेलं नाही.

या वर्षात लिहिलेली पाठ टाचणं फेकू नका. बरेच जण परीक्षा झाली की फाइल रद्दीत घालतात. पुढे पुस्तकातल्या प्रकरणांचा आराखडा करायला बसाल तेव्हा पहिला कच्चा मसुदा तोच असतो.

जागा कुठे निघतात

शासकीय आयटीआयमध्ये शिल्प निदेशकाची भरती व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय करतं. २०२२ मध्ये १४५७ पदांची मोठी जाहिरात निघाली होती. अशा जाहिराती दर वर्षी येत नाहीत, त्यामुळे नुसती वाट पाहत बसू नका. शासकीय संस्थांत तासिका तत्त्वावर घेतात. खासगी आयटीआय आहेत. मोठ्या कारखान्यांची स्वतःची प्रशिक्षण केंद्रं आहेत. तासिका तत्त्वावर पैसे कमी आणि उद्याची खात्री नाही, हे खरंच आहे आणि त्यात गोड करून सांगण्यासारखं काही नाही. पण वर्गात उभं राहायची सवय तिथेच लागते, आणि जाहिरात आली की हातात शिकवण्याचा अनुभव असतो. खासगी ठिकाणी रुजू होताना एकच गोष्ट पाहा: वर्कशॉपमध्ये मुलांच्या संख्येला पुरतील अशी मशीन आणि मीटर आहेत का. नुसती भिंतीवर टांगलेली चार्ट असतील तर तिथे दोन वर्षांत तुमचाच हात जड होईल.

वर्गात: जिन्यातला दिवा

वीजतंत्रीच्या एका युनिटमध्ये वीस मुलं. २०२२ च्या सुधारित अभ्यासक्रमात वर्षाचे १२०० तास, त्यातले ८४० प्रात्यक्षिकाचे. प्रात्यक्षिकात पास व्हायला ६० टक्के लागतात, थिअरीत ३३. म्हणजे या ट्रेडचं वजन कुठे आहे ते व्यवस्थेनंच सांगून ठेवलंय, आणि लेखक व्हायचंय त्यानंही तिथेच लक्ष द्यावं.

एक जॉब जवळून पाहू: जिन्यातल्या दिव्याची वायरिंग, दोन टू-वे स्विच आणि एक दिवा. सर्किट फळ्यावर काढलं, मुलांनी जर्नलमध्ये उतरवलं, बोर्डावर जोडलं. वीसपैकी काहींचा दिवा बरोबर लागतो. काहींचा अजिबात लागत नाही, तिथे बहुधा वायर सुटलेली असते. खरी मजा तिसऱ्या गटात आहे. खालचा स्विच एका बाजूला असला तरच वरच्या स्विचनं दिवा चालूबंद होतो. खालचा दुसऱ्या बाजूला टाकला की वरचा कसाही फिरवा, दिवा बंद.

नवखा निदेशक ‘परत जोड’ म्हणतो. मुरलेला बोर्ड उघडायच्या आधीच सांगतो की खालच्या स्विचच्या कॉमनला फेज न देता बाजूच्या टर्मिनलला दिलाय. कारण तसं जोडलं की एका स्थितीत फेज कॉमनमधून पुढे जातो, आणि दुसऱ्या स्थितीत स्विच नुसत्या दोन जोडतारा एकमेकींना जोडतो. फेज जागीच अडकतो. आता हे मुलाला सांगून टाकायचं नाही. त्याला विचारायचं, ‘खालचा स्विच या बाजूला असताना फेज कुठपर्यंत पोचतो, बोट ठेवून दाखव.’ तो बोट फिरवत जातो, एका जागी थांबतो आणि स्वतःच हसतो.

बहुतेक स्विचमध्ये मधला टर्मिनल कॉमन असतो, म्हणून मुलं ‘मधला म्हणजे कॉमन’ असं पाठ करतात. ते मोडून काढा. सप्लाय बंद ठेवून मल्टिमीटरनं कंटिन्युइटी बघायची आणि दोन्ही स्थितींत कोणता टर्मिनल सामाईक राहतो ते शोधायचं. ही सवय लागली की पुढे कोणत्याही कंपनीचा स्विच हातात आला तरी अडत नाही.

आता वहीचा दुसरा भाग सुरू करा. प्रत्येक जॉबखाली मुलांनी केलेल्या चुका, किती जणांनी केल्या, आणि कोणत्या प्रश्नानं ती चूक सुटली. पहिल्या बॅचला भरपूर नोंदी होतात. दुसऱ्या बॅचला दिसतं की तीच चार-पाच माणसं वेगळ्या नावानं पुन्हा आली आहेत! चुका ठरावीक असतात. तिसऱ्या बॅचपर्यंत प्रत्येक जॉबच्या ‘हमखास चुका’ हाताशी असतात. हा मजकूर तुमच्याकडेच असतो, कोणत्याही संदर्भग्रंथात तो मिळत नाही.

हँडआउटपासून सुरुवात करा

पुस्तक लिहायला घेतो म्हणून बसू नका. आधी एका जॉबचं दोन पानी हँडआउट करा: उद्देश, लागणारं साहित्य, सर्किट, पायऱ्या, मोजमापांचा तक्ता, हमखास चुका. ते दुसऱ्या निदेशकाला द्या आणि त्याच्या बॅचवर वापरायला सांगा, तुम्ही त्या वर्गात जाऊ नका. तुम्ही समोर असलात की कागदात राहिलेलं तोंडानं भरून काढता, आणि कागद अपुरा आहे हे कधीच कळत नाही. मुलं जिथे अडली तिथे खूण करून घ्या आणि तेवढंच पुन्हा लिहा. अशी वीस-पंचवीस हँडआउट घासून गुळगुळीत झाली की पुस्तकाचा निम्मा भार उतरलेला असतो.

दुसरी वाट निमीची. निमी म्हणजे राष्ट्रीय अनुदेशात्मक माध्यम संस्था, चेन्नई. ती १९८६ मध्ये जर्मन सहकार्यानं सुरू झाली आणि १९९९ मध्ये स्वायत्त झाली. आयटीआयची ट्रेड थिअरी आणि ट्रेड प्रॅक्टिकलची पुस्तकं तीच काढते, मराठीतही. तिच्या कोणत्याही पुस्तकाची पहिली पानं उघडा, आभाराच्या यादीत देशभरच्या निदेशकांची आणि प्राचार्यांची नावं दिसतील. ही पुस्तकं समितीनं लिहिली जातात आणि निदेशक त्यात आपापल्या संस्थेमार्फत जातात. त्यामुळे प्राचार्यांना लेखी कळवून ठेवा की लेखनाची किंवा मराठी मजकूर तपासण्याची संधी आली तर माझं नाव सुचवा, आणि सोबत दोन उत्तम हँडआउट जोडा. पुस्तकावर नाव मोठं येत नाही. पण एका अभ्यासक्रमाची पुस्तकात कशी मांडणी होते, धडा किती पानांत बसवायचा, चित्र आणि मजकूर यांचा मेळ कसा घालायचा, हे तिथे दुसऱ्याच्या खर्चानं शिकायला मिळतं.

स्वतःचं पुस्तक: विषय निवडणं

थिअरीची परीक्षा संगणकावर, बहुपर्यायी प्रश्नांची झाल्यापासून बाजार प्रश्नसंचांनी भरला आहे. ते खपतात, हे मान्य. पण ‘खालीलपैकी कोणता’ छापाची हजार प्रश्नांची गाईड काढून कोणी लेखक होत नाही, आणि पुढच्या वर्षी दुसरा कोणी दीड हजार प्रश्नांची काढतो. शिवाय डीजीटीच्या भारत स्किल्स पोर्टलवर प्रश्नसंच फुकट मिळतात.

मराठीत उणीव आहे ती काम करता करता उघडून बघायच्या पुस्तकांची. मोटर स्टार्टरचे फॉल्ट, घरगुती वायरिंगची तपासणी, रिवाइंडिंगचे तक्ते, छतावरचं सोलर. शेवटचा विषय सध्या तापलेला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली. तिचं लक्ष्य एक कोटी घरं, आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान. म्हणजे तालुक्या-तालुक्यात वायरमन छतावर चढणार आहेत, आणि डीसी बाजूची केबल, आयसोलेटर, अर्थिंग यांबद्दल नीट मराठीत लिहिलेलं त्यांना हवं आहे. मात्र ज्या विषयातले पन्नास तरी फॉल्ट तुमच्या वहीत नाहीत, त्यावर लिहू नका.

पान कसं लिहायचं

अर्थिंगचं उदाहरण घेऊ. नेहमीचं वाक्य असं असतं: ‘अर्थिंगमुळे उपकरण व व्यक्ती यांना सुरक्षितता मिळते.’ चूक काही नाही, पण यातून कोणाला काही कळत नाही. आता तेच आकड्यांत मांडा. समजा गीझरच्या बॉडीला फेज लागला आणि घराच्या अर्थिंगचा रोध ५ ओहम आहे. २३० भागिले ५, म्हणजे जास्तीत जास्त ४६ अँपिअर जमिनीत जातील. तारेचा आणि ट्रान्सफॉर्मरकडच्या अर्थिंगचा रोध धरला तर आणखी कमी. आता त्या सर्किटवर कोणी ३२ अँपिअरची एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) बसवली असेल तर? मानकाप्रमाणे एमसीबी तिच्या आकड्याच्या १.४५ पट करंटला एका तासाच्या आत पडली पाहिजे. ३२ ची १.४५ पट म्हणजे ४६.४. आपला फॉल्ट करंट त्याहून कमी आहे. म्हणजे अर्थिंग आहे, एमसीबी आहे, आणि तरीही ती तासभर न पडता बॉडी जिवंत राहू शकते. म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे जमिनीकडे गळणारा थोडासा करंट ओळखून सप्लाय तोडणारा स्विच, हवी.

आठ-नऊ वाक्यांत वाचणाऱ्याला तीन गोष्टी मिळाल्या: ओहमचा नियम कशाला शिकलो, मोठी एमसीबी टाकणं का धोक्याचं, आणि आरसीसीबी हा दुकानदाराचा जादा खर्च का नाही. प्रत्येक प्रकरणात असा एक तरी हिशेब असावा, आणि तो दुसऱ्या कोणाकडून तपासून घेतलेला असावा. छापलेला चुकीचा आकडा कोणीतरी साईटवर वापरतो, हे लिहिताना डोक्यात राहू द्या.

भाषेबद्दल थोडंसं. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश जवळ ठेवा, पण मुलाच्या तोंडात जो शब्द आहे तो आधी वापरा. साईटवर ‘रेझिस्टन्स’ म्हणतात आणि पाठ्यपुस्तकात ‘रोध’. पहिल्या वेळी दोन्ही द्या, पुढे एकच ठेवा आणि अखेरपर्यंत बदलू नका. अर्ध्या पुस्तकात ‘विद्युतधारा’ आणि अर्ध्यात ‘करंट’ असं झालं की वाचणाऱ्याला वाटतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी उघडली की अक्षरांची खिचडी झालेली असते.

चित्रं स्वतः काढा. सर्किटसाठी क्यूइलेक्ट्रोटेक, बाकी आकृत्यांसाठी इंकस्केप ही फुकट सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. चिन्हं भारतीय मानकाप्रमाणे आणि सगळीकडे एकसारखी हवीत. निमीच्या किंवा दुसऱ्याच्या पुस्तकातली आकृती स्कॅन करून घेणं, भारतीय मानक ब्युरोच्या मानकातला तक्ता जसाच्या तसा छापणं, हे सर्रास चालतं. पण ते कॉपीराइटचं उल्लंघन आहे आणि ज्या प्रकाशकाला त्याची फिकीर नाही तो तुमच्या हक्काचीही करणार नाही.

परवानगी, करार, छपाई

सरकारी नोकरीत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ वाचा आणि पुस्तक छापण्याआधी कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्या. शास्त्रीय स्वरूपाच्या लेखनाला वाव आहे, पण कागद हातात असलेला बरा. दुसरा मुद्दा जास्त नाजूक आहे. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून तयार केलेल्या साहित्यावर, वेगळा करार नसेल तर, पहिला हक्क मालकाचा असतो. म्हणून संस्थेच्या आदेशानं केलेलं साहित्य आणि घरी आपल्या वेळेत लिहिलेलं पुस्तक यांच्या फाइली पहिल्यापासून वेगळ्या ठेवा.

प्रकाशकाशी करार करताना चार ठिकाणी थांबा. रॉयल्टी छापील किमतीवर आहे की सवलत वजा जाता हाती आलेल्या रकमेवर. हक्क किती वर्षांसाठी देताय. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायद्यानं ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. ‘सर्व हक्क कायमचे’ या ओळीवर सही करण्याआधी हे आठवा. तिसरं, ई-बुक आणि व्हिडिओचे हक्क वेगळे लिहून घ्या. चौथं, नियम बदलल्यावर सुधारित आवृत्ती कोणी आणि किती दिवसांत करायची. एकरकमी पैसे घेऊन मोकळं होणं पहिल्या पुस्तकाला मोहाचं वाटतं. अभ्यासक्रमाशी जोडलेलं पुस्तक वर्षानुवर्षं चालतं, म्हणून मी तरी तसं सुचवणार नाही.

स्वतः छापायचं असेल तर आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून ऑनलाइन अर्ज करून मोफत मिळतो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाला कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि इतर तीन ग्रंथालयांत प्रती पाठवाव्या लागतात. स्वतः प्रकाशक झालात तर ते कामही तुमचंच. पहिली छपाई थोडक्या प्रतींची ठेवा, कारण पहिल्या आवृत्तीत चुका निघतातच. कागद जाड घ्या आणि बांधणी शिवलेली घ्या, हे पुस्तक टेबलावर कमी आणि वर्कबेंचवर तेलकट हातांत जास्त राहणार आहे.

दुसरी आवृत्ती

वीजकामाची पुस्तकं लवकर जुनी होतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम २०१० चे होते, त्यांच्या जागी २०२३ मध्ये नवे आले. राष्ट्रीय विद्युत संहिताही २०११ नंतर २०२३ मध्ये सुधारली. तरी अजून १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांचे क्रमांक देणारी पुस्तकं बाजारात आहेत. म्हणून लिहितानाच एक वेगळी यादी ठेवा: कोणत्या पानावर कोणता नियम, मानक किंवा आकडा आहे आणि तो कोणत्या सालचा. नियम बदलला की अख्खं पुस्तक चाळावं लागत नाही, त्या यादीतली पानं उघडायची. आतल्या मुखपृष्ठावर चुका कळवण्यासाठी एक ईमेल छापा, कळवणाऱ्याला उत्तर द्या आणि पुढच्या आवृत्तीत त्याचं नाव घालायचं तर आधी त्याला विचारा. सगळ्यात नेमक्या चुका मुलं काढतात, विशेषतः ज्यांनी तुमचं सर्किट खरंच जोडून पाहिलं आणि ज्यांचा दिवा लागला नाही ती.